शब्द, सूर आणि तालीम : बालगंधर्वांच्या उच्चारसाधनेचा जीवनपट

बालगंधर्वांच्या गायनाविषयी मराठीत जे विपुल लेखन झाले आहे, त्यात स्वराच्या माधुर्याचा गौरव सर्वत्र आढळतो. शब्दाचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या विशेषणापुरता येतो. उच्चार स्पष्ट होते, भावपूर्ण होते, एवढे नोंदवून चरित्रकार पुढे जातो. जणू गळ्याप्रमाणे उच्चारही त्यांना जन्मतःच लाभला होता. त्यांच्या शिक्षणाचे टप्पे एकापुढे एक मांडून पाहिले असता वेगळे चित्र उभे राहते. हा उच्चार शिकलेला होता. तो दोन निरनिराळ्या शाळांत शिकलेला होता. एक शाळा नाटकाच्या गद्याची, दुसरी रागदारी चिजेची. आणि या दोन शाळांच्या मागण्या पुष्कळदा परस्परविरोधी होत्या. गद्याच्या तालमीला शब्द अखंड हवा असतो, चिजेच्या तालमीला तो ताणता येण्याजोगा हवा असतो. या विरोधातून वाट काढण्यात बालगंधर्वांच्या उमेदीची वर्षे गेली, आणि ती वाट त्यांना सापडली म्हणूनच खाडिलकरांची पदे आजही श्रोत्याला शब्दांनिशी आठवतात.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. राजहंस कुटुंबाचे नाते आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाणे या गावाशी सांगितले जाते. बालपणीच गळ्याची देणगी लक्षात आली आणि शिक्षणासाठी जळगावी राहत असताना मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे मिळाले. १८९८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांनी या दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकून त्याला बालगंधर्व म्हटले, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. ती सर्वश्रुत असल्याने तिचा विस्तार येथे नको. जळगावच्या तालमीचा मुद्दा मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे.

उत्तर हिंदुस्थानी परंपरेतील उस्तादाकडे शिकणाऱ्या मराठी मुलाला पहिली अडचण येते ती मुखाची. चिजेची भाषा ब्रज किंवा तिच्या जवळची हिंदी. त्या भाषेत 'ळ' नाही. मराठीतील च-वर्गाचे दुहेरी उच्चारही तिच्यात नाहीत. मराठी माणूस 'माझा' म्हणताना जिभेचे टोक दातांकडे नेतो आणि 'माझी' म्हणताना तोच वर्ण तालूकडे सरकवतो. हा फरक त्याला कोणी शिकवलेला नसतो, तो आईच्या दुधाबरोबर आलेला असतो. हिंदी चीज घोटून घोटून तयार झालेला गळा मराठी पदाकडे वळला की हे सूक्ष्म भेद पुसट होऊ लागतात. दंत्य 'च' आणि 'ज' तालव्य होतात, 'ळ' हा 'ल'कडे झुकतो, आणि पद मराठी असूनही परक्या माणसाने म्हटल्यासारखे ऐकू येते. ब्रज चिजेतील शब्द पुष्कळदा स्वरान्त असतात, किंवा अंत्य 'अ' तेथे मोकळेपणाने उच्चारला जातो. मराठीच्या बोलण्यात अंत्य 'अ' लोपतो. पद्यात तो कधी राखावा लागतो, कधी नाही. गाणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी निवड करायची असते. अशा निवडीची समज जळगावच्या वयात येणे शक्य नव्हते. तेथे मिळाला तो सूर, आणि स्वच्छ आकार. शब्दाचे शिक्षण पुढे व्हायचे होते.

ते ज्या योगाने घडले, त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा हात आहे. महाराजांनी या मुलाचे गाणे ऐकले, किर्लोस्कर नाटक मंडळीत त्याचा प्रवेश व्हावा म्हणून शब्द टाकला, आणि त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचार करविले. या उपचारांची नोंद चरित्रांत महाराजांच्या औदार्याचे उदाहरण म्हणून येते. तिची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या सगळ्या पुढील शिक्षणाचे साधन कान हेच होते, त्या मुलाचा कानच दुखरा होता. मौखिक परंपरेत शिष्य गुरूच्या तोंडून शब्द उचलतो. ज्याला ऐकण्याची शाश्वती नाही, त्याला गुरूच्या ओठांकडे, जबड्याच्या हालचालीकडे अधिक लक्ष द्यावे लागले असेल, असे अनुमान करता येते. त्यास लेखी आधार नाही, म्हणून ते अनुमान एवढ्याच किमतीचे मानावे.

१९०५ साली मिरजेस 'शाकुंतल' नाटकात शकुंतलेच्या भूमिकेत नारायणराव प्रथम रंगभूमीवर आले. किर्लोस्कर मंडळी त्या वेळी एका पोकळीतून जात होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले होते. त्यांच्या चढ्या, धारदार आवाजाची स्मृती प्रेक्षकांच्या मनात ताजी होती आणि त्या जागी नवा, मऊ आवाज रुजवायचा होता. शिवाय मंडळीची परंपरा शब्दाची होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतला'त दोनशेच्या घरात पदे आहेत. साकी, दिंडी, कामदा, श्लोक अशा आटोपशीर रचनांतून कथा पुढे सरकते. कीर्तनाला सरावलेल्या श्रोत्याला पदातला शब्द कळला नाही तर त्याचे कथासूत्रच तुटे. म्हणून अण्णासाहेबांच्या नाटकात पद म्हणजे सुरांत सांगितलेला संवादच असे. गाणाऱ्या नटाने आलापाला जागा शोधायची ती शब्द पोचवून झाल्यावर.

ही शिस्त नारायणरावांना दिली गोविंद बल्लाळ देवल यांनी. देवलांचा जन्म १८५५ सालचा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. बेळगावात ते किर्लोस्करांचे विद्यार्थी होते, पुढे त्यांच्या मंडळीत आले, आणि 'शारदा'कार म्हणून वाङ्मयेतिहासात स्थिर झाले. पण समकालीन नटवर्गाच्या दृष्टीने त्यांची मोठी ओळख तालीममास्तर ही होती. देवलांचे गद्य वाचले तरी त्यांच्या तालमीचे सूत्र कळते. 'शारदा' नाटकातील माणसे १८९९ साली ज्या मराठीत बोलतात ती आजही जिभेला अडत नाही. वाक्ये छोटी आहेत, क्रियापद जवळ आहे, आघात जेथे बोलताना येतो तेथेच लिहिताना ठेवलेला आहे. असा लेखक नटाला घोकंपट्टीचे वक्तृत्व शिकवणार नाही. वाक्यातला कोणता शब्द उचलायचा, कोणता सोडून द्यायचा, कोठे थांबायचे आणि थांबल्यावर प्रेक्षकाने काय भरून घ्यायचे, हे त्यांच्या तालमीचे विषय होत. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांत किनरा, ओढलेला स्वर काढण्याची जी खोड होती, तिला या तालमीत थारा नव्हता.

गद्याच्या या शिक्षणाचा गायनाशी संबंध काय, असा प्रश्न येऊ शकतो. संबंध निकटचा आहे. गायकाचा उच्चार अस्पष्ट होतो तो वर्ण नीट येत नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा तो चुकीच्या ठिकाणी श्वास घेतल्याने होतो. शब्द मध्येच तुटतो, त्याचे दोन तुकडे श्रोत्याला वेगवेगळे ऐकू येतात, आणि ते जुळवीपर्यंत पुढचा शब्द निघून गेलेला असतो. श्वास अर्थाच्या सांध्यावर घ्यायचा ही सवय गद्यातून लागते. ज्याला ती लागली त्याला तालाच्या आवर्तनातही वाक्य दिसते. देवलांनी नारायणरावांना गाणे शिकवले नाही. गाण्यातले वाक्य पाहायला शिकवले, असे म्हणता येईल.

या शिक्षणाची पहिली कसोटी लागली ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकात. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस त्याचा पहिला प्रयोग झाला. नानासाहेब जोगळेकर धैर्यधर, गणपतराव बोडस लक्ष्मीधर, आणि नारायणराव भामिनी. त्याच दिवशी त्यांच्या लहानग्या मुलीचा मृत्यू झाला होता आणि तरीही त्यांनी प्रयोग थांबू दिला नाही. या प्रसंगाचे इतके नाट्यीकरण झाले आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकासाठी त्या रात्रीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मराठी पदाची जात त्या रात्री बदलली. गोविंदराव टेंबे यांनी दिलेल्या चाली पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या होत्या, आणि खाडिलकरांनी त्या चाली ऐकून त्यांवर शब्द बसविले होते.

चालीवर शब्द बसविण्याची ही पद्धत नवी नव्हती, पण खाडिलकरांच्या हाती तिचे कठीण रूप झाले. त्यांची प्रकृती विचारवंताची, संपादकाची. गद्य संवादात त्यांचा आवेश थेट असतो. पदात मात्र मात्रांची संख्या भरण्यासाठी शब्दांची उलटापालट होते, जोडाक्षरे दाटतात, कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला जाते. ह्रस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ह्रस्व होणे हे तर नित्याचेच. ही पदे छापील पानावर वाचणाऱ्याला अन्वय लावावा लागतो. काव्य म्हणून त्यांची योग्यता बेताची आहे, हे मान्य करण्यात खाडिलकरांच्या नाट्यकर्तृत्वाला उणेपणा येत नाही. नवलाची गोष्ट अशी की रंगभूमीवर ती दुर्बोध वाटली नाहीत. पानावरचा जो अन्वय वाचकाला लावावा लागतो तो नारायणराव गाताना लावून देत. दूर पडलेले दोन शब्द एकाच श्वासात जवळ आणणे, मधला भरणीचा शब्द हलका करणे, ज्या शब्दावर भामिनीचा अहंकार किंवा शरम टेकलेली आहे तो दुसऱ्यांदा किंचित उशिरा उच्चारणे, ही सारी देवलांच्या शाळेतील गद्याची साधने होती. ती येथे पदाच्या कामी आली.

१९१३ साली नारायणराव, बोडस आणि टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. मालकी, भांडवल, भागीदारांचे मतभेद हा इतिहास स्वतंत्र आहे. उच्चाराच्या दृष्टीने पुढचे निर्णायक वर्ष १९१६. जूनमध्ये देवल निवर्तले. त्यांच्या 'संशयकल्लोळ' या प्रहसनाचे पदांसह सिद्ध झालेले रूप गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणले. आणि १० डिसेंबर रोजी खाडिलकरांचे 'स्वयंवर' आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या होत्या.

भास्करबुवांच्या तालमीचे स्वरूप समजण्यासाठी त्यांची जडणघडण ध्यानात घ्यावी लागते. १८६९ साली जन्मलेले बुवा बालपणी किर्लोस्कर मंडळीत नट होते. आवाज फुटल्यावर रंगभूमी सुटली. पुढे बडोद्यास फैज महंमदखाँ, नंतर आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि शेवटी अल्लादियाखाँ अशा तीन निराळ्या परंपरांचे शिक्षण त्यांनी घेतले. या तिन्ही ठिकाणी शब्दाचे स्थान वेगवेगळे होते. ग्वाल्हेरच्या वळणाच्या गायकीत बंदिशीचा मुखडा आणि अंतरा नीटस, शब्दशः मांडला जातो. आग्रा घराण्यात बोलाशी खेळण्याला, बोल लयीवर तोडण्याला आणि सांधण्याला प्रतिष्ठा आहे; तेथे व्यंजनाचा आघात हेच लयीचे एक साधन बनते. अल्लादियाखाँच्या गायकीचा भर आकारावर. शब्द तेथे स्वराकृतीच्या पाठीमागे उभा असतो. हे तीनही प्रकार ज्याच्या गळ्यातून गेले, आणि ज्याने लहानपणी मराठी प्रेक्षकापुढे पदही म्हटले, असा शिक्षक नारायणरावांना लाभला. त्यांच्या सुदैवाचा हा भाग चरित्रांत सांगितला जातो त्याहून मोठा आहे.

'स्वयंवरा'त रुक्मिणीच्या वाट्याला यमन, भीमपलास, बिहाग अशा भारदस्त रागांतील पदे आली. ठुमरीच्या चालीत शब्दाला मुळातच मान असतो. ख्यालाच्या चालीत तो मागावा लागतो. मध्यलयीतील ख्यालाचा मुखडा समेकडे धावतो, आणि सम जर शब्दाच्या पोटात आली तर शब्द दुभंगतो. ब्रज चिजेत हे खपून जाते, कारण चीज बहुधा श्रोत्याला आधीच ठाऊक असते, आणि तिचा आशयही ठरीव असतो. नाटकात असे चालत नाही. रुक्मिणी काय म्हणते ते पिटातल्या प्रेक्षकाला त्याच क्षणी कळले पाहिजे. येथे दोन्ही शाळांची गाठ पडली.

ही गाठ कशी सुटली ते ध्वनिमुद्रिकांवरून पुष्कळसे समजते. त्या काळच्या तबकडीची मर्यादा तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात पद आटोपायचे असल्याने रंगभूमीवरचा विस्तार तेथे मिळत नाही, पण शब्दाची मांडणी उघडी पडते. पहिली गोष्ट अशी दिसते की शब्द आधी आणि स्वर मागाहून हा क्रम शक्यतो मोडला जात नाही. शब्द बोलण्याच्या जवळपास गतीने, एका श्वासात पुरा होतो. मग त्याच्या अखेरच्या स्वरवर्णावर मींड, मुरकी किंवा लहानशी फिरत येते. लांबवले जाते ते शब्दाचे शेपूट, त्याचे पोट नव्हे. दुसरी गोष्ट तानेची. पुष्कळ गायक तान घेताना शब्द टाकून देऊन स्वतंत्र 'आ' धरतात आणि तान संपल्यावर शब्द पुन्हा उचलतात. बालगंधर्वांची छोटी तान ज्या स्वरवर्णावर शब्द संपला त्याच्याच रंगात निघते. शब्द 'ई'वर संपला तर तानेतही 'ई'ची छाया राहते. त्यामुळे तान शब्दाला चिकटवलेली वाटत नाही, शब्दातून उमललेली वाटते.

तिसरी गोष्ट व्यंजनांची आहे आणि ती सर्वांत नाजूक आहे. स्पष्ट उच्चार म्हणजे ठासून उच्चार, असा समज तेव्हाही होता आणि संगीतशिक्षणात नंतरही राहिला. ठासलेले व्यंजन सुराची धार तोडते. क, ट, प यांसारख्या वर्णांत श्वास क्षणभर कोंडला जातो. त्या क्षणी सूर नसतोच. हा कोंडण्याचा काळ जितका कमी, तितकी सुरांची आस अखंड. बालगंधर्वांच्या गाण्यात ही व्यंजने ओझरती पण नेमकी येतात. जीभ योग्य स्थानाला लागते आणि लगेच सुटते. 'ळ' आणि 'ण' यांवर ती रेंगाळत नाही, कारण मूर्धन्य वर्णावर सूर ठेवला की तो घोगरा होतो. अनुस्वार मात्र त्यांनी मुक्तपणे वापरला. अनुनासिकावर सूर टिकतो, गुंजतो. त्यांच्या स्वराला जी किंचित नासिक्य गोडी आहे तिचा काही भाग या सवयीतून आलेला असावा. काही टीकाकारांना ती लाडिक वाटली. हा आक्षेप पूर्णपणे फेटाळता येत नाही. करुण प्रसंगी ती गोडी कधीकधी प्रसंगाला पुरून उरते.

'कृष्ण' हा शब्द 'स्वयंवरा'त अटळ आहे, आणि गाणाऱ्याच्या दृष्टीने तो कमालीचा अडचणीचा आहे. आरंभी 'ऋ', मध्ये 'ष्ण' हे जोडाक्षर, आणि ताणायला अखेरचा अर्धामुर्धा 'अ'. हा 'अ' ओढला तर त्याचा 'आ' होऊन शब्द बिघडतो. न ओढला तर गाणे अडते. अशा ठिकाणी सूर लांबवण्याऐवजी शब्द चटकन टाकून मौन ठेवणे आणि तालाला ते मौन भरू देणे, हा मार्ग नटालाच सुचू शकतो. केवळ मैफलीत वाढलेल्या गवयाला रिकामी मात्रा ही भीतीची जागा वाटते. गंधर्व मंडळीत पुढे अहमदजान थिरकवा तबल्यावर, कादरबक्ष सारंगीवर आणि हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर असे साथीदार होते. अशी साथ पाठीशी असल्यावर गायकाने शब्दासाठी मात्रा सोडली तरी पोकळी जाणवत नाही. स्पष्टोच्चार एकट्या गळ्यावर उभा नसतो. साथ गोंगाटी असेल तर उत्तमातला उत्तम उच्चारही बुडतो, याचा विचार या विषयावरील चर्चेत फारसा होत नाही.

१९१९ सालच्या 'एकच प्याल्या'ने आणखी एक दिशा दाखवली. राम गणेश गडकरी त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, आणि चालींत सुंदराबाई जाधव यांचा मोठा वाटा. सिंधू ही राजकन्या नव्हे, मध्यमवर्गीय घरातील पिचलेली स्त्री आहे. रुक्मिणीचा उच्चार तिला शोभला नसता. या भूमिकेत गद्य आणि पद यांच्यामधली रेषा त्यांनी जवळजवळ पुसून टाकली. बोलता बोलता सूर लागे आणि सूर विरत विरत बोलणे येई. येथे एक सामाजिक बाजूही नोंदवावी लागते. बालगंधर्वांचा उच्चार हा पुण्या-सांगलीकडील शिक्षित, पांढरपेशा मराठीचा उच्चार होता. त्यांच्या लुगड्या-दागिन्यांप्रमाणेच त्यांच्या बोलण्याचीही नक्कल घरोघरी झाली, आणि खानदानी स्त्रीने कसे बोलावे याचा एक नमुना एका पुरुष नटाने घालून दिला. त्या नमुन्यात लावणीच्या, जात्यावरच्या, बोलीच्या उच्चारांना जागा नव्हती. ही गोष्ट दोष म्हणून नव्हे, मर्यादा म्हणून लक्षात ठेवली पाहिजे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांचा संयुक्त 'मानापमान' झाला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. केशवरावांचे गाणे चढ्या सुराचे, आवेशी, शब्द फेकण्याचे. बालगंधर्वांचे शब्द ठेवण्याचे. दोघांचाही उच्चार स्वच्छ असून स्वच्छतेच्या जाती दोन होत्या. एकाच रंगमंचावर त्या समोरासमोर येण्याचा हा योग पुढे फार टिकायचा नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये भास्करबुवाही.

बुवांच्या पश्चात मंडळीच्या संगीताची धुरा त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांच्याकडे आली. १९३१ सालच्या 'कान्होपात्रा' नाटकात अभंग आले. अभंगाचा शब्द श्रोत्यांना बहुधा आधीच पाठ असतो, त्यामुळे तो पोचवण्याची चिंता उरत नाही. तेथे उच्चाराचे काम निराळे, ओळखीच्या शब्दाला पुन्हा नवा करण्याचे. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यातील भजनगायनाचे बीज येथे आहे.

परंतु याच काळात एक गंभीर प्रश्न उभा राहिला. पदांना वन्स मोअर मिळत, एकेक पद पुन्हा पुन्हा आळवले जाई, प्रयोग पहाटेपर्यंत चाले. प्रत्येक आवर्तनात शब्द तितकाच स्वच्छ ऐकू येत होता. तथापि तो ज्या प्रसंगात म्हटला गेला तो प्रसंग दूर राहिला होता. समोर उभा असलेला नट पाच-दहा मिनिटे उत्तराविना तिष्ठत असे आणि रुक्मिणीचे मनोगत हळूहळू गायकाचे मनोगत होऊन जाई. शब्द स्पष्ट असणे आणि संहिता स्पष्ट असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. देवलांच्या शाळेने पहिल्या गोष्टीला दुसरीचे साधन मानले होते. गंधर्व मंडळीच्या वैभवकाळात साधनच साध्य झाले, आणि त्यात प्रेक्षकांचा वाटा गायकाइतकाच होता. मराठी संगीत नाटकाच्या ऱ्हासाची जी अनेक कारणे दिली जातात, त्यांत बोलपटांचे आगमन आणि कर्ज यांच्याबरोबर या अंतर्गत कारणाचीही गणना करावी लागेल. शिकवणारा देवलांसारखा कठोर माणूस जवळ राहिला नाही, हे त्यामागचे साधे कारण असू शकेल.

१९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' या बोलपटात त्यांनी एकनाथांची भूमिका केली. थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत न ओरडता शब्द नेण्याची जी कला आयुष्यभर कमावली होती, तिची ध्वनिग्राहकापुढे गरज राहिली नाही. चित्रपटात ते रमले नाहीत, रंगभूमीवर परतले. नंतरची वर्षे आर्थिक ओढग्रस्तीची. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ साली पद्मभूषण असे सन्मान मिळाले, तोवर अर्धांगाच्या विकाराने देह जागीच बसला होता. उभे राहून भूमिका करणे संपले आणि गाण्याला बैठकीचे, भजनाचे रूप आले. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उच्चाराचे शिक्षण पुढे कोणाकडे गेले, याचा विचार करताना एक नाव अनेकदा अनवधानाने वगळले जाते, किंवा केवळ खासगी आयुष्याच्या संदर्भात घेतले जाते. विजापूर भागातील बिळगीच्या गोहरबाई कर्नाटकी १९३७-३८ च्या सुमारास मंडळीत आल्या. पुढे १९५१ साली त्यांचा बालगंधर्वांशी विवाह झाला आणि १९६४ साली, त्यांच्या आधी, त्या वारल्या. मंडळीत येण्यापूर्वीच त्यांनी बालगंधर्वांची गायकी ध्वनिमुद्रिका ऐकून आत्मसात केली होती. त्यांची भाषा कानडी. जळगावच्या मुलाला जी अडचण हिंदी चिजेमुळे आली, तिचेच एक उलटे रूप त्यांच्यापुढे होते. 'ळ' आणि 'ण' त्यांच्या मातृभाषेतच होते, त्यांसाठी कष्ट नव्हते. प्रमाण कानडीत दंत्य 'च' आणि 'ज' नाहीत. 'माझा' आणि 'माझी' यांमधला तो जिभेच्या टोकाचा फरक त्यांना आधी तबकडीच्या खरखरीतून कानाने वेचावा लागला, आणि मग ज्याच्या तोंडचा तो होता, त्याच्यासमोर बसून पक्का करावा लागला.